समृद्धीवर विमान, शेतात हेलिकॉप्टर : रुग्णाला खरंच फायदा होतो का?

महामार्गावर मोठा अपघात झाला की दोन-तीन दिवसांत एक मागणी पुढे येतेच. उत्तर प्रदेशात महामार्गावर लढाऊ विमानं उतरतात, मग आपल्या समृद्धीवर जखमींसाठी साधं छोटं विमान का उतरत नाही? निवडणुकीत नेत्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरतं, मग आमच्या पेशंटसाठी गावाबाहेरच्या शेतात का नाही? वेरूळ, खुलताबाद, कन्नड भागातून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे मला बऱ्याचदा विचारतात. प्रश्नात राग असतो आणि तो रास्त आहे. ज्याचा माणूस घाटात अडकलेल्या गाडीत विव्हळत होता, त्याला आकाशात उडणारं कुठलंही यंत्र आपल्या रस्त्यापेक्षा बरंच वाटणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेरूळसारख्या गावातल्या अपघाताच्या किंवा हार्ट अटॅकच्या रुग्णासाठी रस्त्यावर विमान उतरवण्याची मागणी चुकीच्या दिशेची आहे. गावाजवळ हेलिकॉप्टरसाठी एक नीट तयार केलेली, कायमची ठरलेली जागा असावी ही मागणी मात्र योग्य आहे. आणि या दोन्हींच्या आधी, जखमीजवळ पहिल्या दहा मिनिटांत कोण पोहोचतं हा प्रश्न आहे. त्याबद्दल कोणीच घोषणा देत नाही.

महामार्गावर विमान उतरतं म्हणजे नेमकं काय होतं?

२१ मे २०१५ ला यमुना एक्सप्रेसवेवर हवाई दलाचं मिराज उतरलं, ते चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ९ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात बाडमेरजवळच्या महामार्गावर हवाई दलाचं हर्क्युलिस विमान उतरलं, त्यात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि नितीन गडकरी बसलेले होते. २ मे २०२५ ला गंगा एक्सप्रेसवेवर शाहजहानपूरजवळ रात्रीसुद्धा विमानं उतरवण्याचा सराव झाला. हे सगळं खरं आहे.

पण ही कुठल्याही रस्त्यावरची जागा नव्हती. बाडमेरची पट्टी तीन किलोमीटरची, शाहजहानपूरची साडेतीन किलोमीटरची, दोन्ही खास त्यासाठी बांधलेल्या. तिथं मध्ये पक्का दुभाजक नाही, वरून पूल नाही, तारा नाहीत, बोर्डांच्या कमानी नाहीत. विमान यायच्या आधी वाहतूक बंद केली जाते, रस्ता झाडून घेतला जातो (एक खडासुद्धा इंजिनात गेला तर नुकसान होतं), जनावरं येऊ नयेत म्हणून माणसं उभी राहतात. ही युद्धाच्या वेळची पर्यायी धावपट्टी आहे. तिचा सराव आठवडेच्या आठवडे आधी ठरतो.

आता समृद्धी घ्या. ७०१ किलोमीटरचा रस्ता, वेरूळहून माळीवाड्याला गेलं की त्यावर चढता येतं. एका बाजूच्या तीन लेन मिळून सव्वा अकरा मीटरच्या आसपास रुंदी भरते. आपल्याकडे रुग्ण नेण्यासाठी वापरतात त्या किंग एअर किंवा पिलाटससारख्या छोट्या विमानांच्या पंखांचं अंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-सोळा मीटर असतं. म्हणजे चाकं रस्त्यावर आणि पंख रस्त्याबाहेर. बाजूला कठडे, कुंपण, खांब, वरून जाणारे पूल. जमिनीला टेकताना अशा विमानाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्याला साधारण एक किलोमीटर सरळ, मोकळी पट्टी लागते. मोठा अपघात झालेला असतो तेव्हा त्याच ठिकाणी मागे दोन-तीन किलोमीटर गाड्यांची रांग लागलेली असते. विमान उतरवायला रस्ता रिकामा हवा, आणि अपघातामुळेच तो भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. समृद्धीवरचे आपल्या आठवणीतले दोन सगळ्यात भीषण अपघात, १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले तो, आणि १५ ऑक्टोबर २०२३ ला वैजापूरजवळ १२ भाविक गेले तो, दोन्ही मध्यरात्रीनंतरचे आहेत. मिट्ट अंधारात, दिवे नसलेल्या अनोळखी जागी कुठलाही जबाबदार वैमानिक रुग्णासाठीसुद्धा विमान उतरवणार नाही. उतरवू नयेच. सिंदखेडराजाच्या बसमधल्या लोकांना आगीतून बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. त्यांच्यासाठी शेजारच्या शेतात विमान तयार उभं असतं तरी काही उपयोग नव्हता.

मग शेतात विमानं उतरल्याच्या बातम्या येतात त्या?

त्या बातम्या उतरल्याच्या नसतात, पडल्याच्या किंवा पडता पडता वाचल्याच्या असतात. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं प्रशिक्षणाचं एक छोटं सेसना विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. एकटीच उडवत असलेली शिकाऊ वैमानिक मुलगी थोडक्यात बचावली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत प्रशिक्षणाची दोन विमानं अशीच खाली आली. इंजिनानं दगा दिला की वैमानिकाला शेवटचा उपाय म्हणून मोकळं रान शोधायला शिकवलेलं असतं. त्यात यश आलं तर तो कौशल्याचा आणि नशिबाचा भाग. त्याला सोय म्हणता येत नाही.

रुग्ण असलेल्या विमानाचंही असं झालेलं आहे. २४ मे २०१६ ला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सची दोन्ही इंजिनं बंद पडली आणि वैमानिकानं विमान नजफगडजवळच्या शेतात टेकवलं. आतले सातही जण जिवंत राहिले. पाच वर्षं आधी, मे २०११ मध्ये त्याच मार्गावरची दुसरी एअर अ‍ॅम्ब्युलन्स फरिदाबादच्या वस्तीवर कोसळली. आतले सात आणि जमिनीवरचे तीन, असे दहा जण गेले. पहिल्या विमानाला समोर मोकळं शेत मिळालं, दुसऱ्याच्या खाली घरं होती.

आणि ज्याच्या हातात निवड असते, तो वैमानिक काय निवडतो तेही पाहा. ६ मे २०२१ ला नागपूरहून उडताना एका एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं चाकच निखळून पडलं. इंजिनं चालू होती, इंधन होतं, म्हणजे निवडीला वाव होता. खाली अख्खा विदर्भ-मराठवाडा मोकळा पसरलेला असताना ते विमान मुंबईला नेलं गेलं, कारण तिथं लांब धावपट्टी होती, अग्निशमन दल होतं, धावपट्टीवर फेस पसरवायची सोय होती. पोटावर घसरत विमान थांबलं, रुग्णासह पाचही जण सुखरूप. "शेत मोकळं दिसतंय, उतरवून टाकू" असं म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

वरून मोकळं दिसणारं आपलं शेत कसं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दर शे-दोनशे फुटांवर बांध. बिनकठड्याची विहीर. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेडनेट. शेतपंपाच्या लोंबत्या तारा, ज्या आकाशातून दिसतच नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीचं चाक रुततं, तिथं विमानाचं पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर उलटतं. शिवाय ते शेत कोणाचं तरी असतं. उभी कपाशी किंवा मका आडवा करून तिथं काही उतरवायचं तर मालकाची संमती हवी, भरपाई कोण देणार हे आधी ठरलेलं हवं. अडचणीत सापडलेल्या वैमानिकाला हे विचारायची सवड नसते आणि कायदाही तशी अपेक्षा करत नाही. पण ठरवून उतरायचं असेल तर "आपत्कालीन" हा शब्द वापरून शेतकऱ्याच्या नुकसानीवर पडदा टाकता येणार नाही.

हेलिकॉप्टरचं काय?

इथं माझं मत बदलतं, कारण हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. पण "कुठंही उतरतं" हाही गैरसमज आहे. नेत्याचं हेलिकॉप्टर येणार असतं तेव्हा काय काय होतं ते आठवा. आदल्या दिवशी बांधकाम खात्याची माणसं जागा पाहून जातात. चुन्यानं गोल आणि मध्ये एच आखतात. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून कापड लावतात. टँकरनं पाणी मारतात, कारण पंख्याच्या वाऱ्यानं धुळीचा असा लोट उठतो की वैमानिकाला जमीनच दिसत नाही. पोलीस बंदोबस्त असतो, बंब असतो आणि हो, एक अ‍ॅम्ब्युलन्सही उभी असते. एवढी तयारी असते म्हणून ते सहज उतरल्यासारखं दिसतं.

तयारी असलेल्या जागेजवळही चूक होऊ शकते, हे उत्तराखंडात दिसलं. १७ मे २०२५ ला ऋषिकेशच्या एम्सचं हेलिकॉप्टर रुग्ण आणायला केदारनाथला गेलं आणि हेलिपॅडजवळच आदळलं. शेपटीचा भाग तुटला. आतले तिघे वाचले, पण ज्या रुग्णासाठी ते गेलं होतं तो रुग्ण तिथंच वाट पाहत राहिला. पुढच्याच महिन्यात, ७ जूनला, यात्रेकरूंना घेऊन निघालेलं दुसरं हेलिकॉप्टर तांत्रिक बिघाडामुळे रुद्रप्रयाग जिल्ह्यात चक्क रस्त्यावर उतरवावं लागलं. शेपूट उभ्या मोटारीवर आदळलं. यात्रेकरू बचावले. तिथं डोंगर आहेत, रस्ते दरडींनी बंद होतात, म्हणून धोका पत्करूनही हेलिकॉप्टरला पर्याय नाही. वेरूळची परिस्थिती तशी आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

वेरूळचं गणित

वेरूळ ते छत्रपती संभाजीनगर अंतर सुमारे तीस किलोमीटर. घाटीसारखं मोठं सरकारी रुग्णालय आणि हृदयाच्या, मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारी खासगी रुग्णालयं त्याच शहरात. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासात गाडी पोहोचते.

आता हेलिकॉप्टर मुंबईहून निघालं असं धरू. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे. फोन, परवानगी, हवामानाची चौकशी, डॉक्टर-नर्सची जमवाजमव, उड्डाणाची तयारी यात अर्धा तास तरी जातो, आणि मी फार आशावादी आकडा धरतोय. मग उडायला एक तास दहा मिनिटं. उतरणं, पंखा थांबणं, रुग्णाला बांधून आत घेणं, त्यात पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे हेलिकॉप्टर वेरूळहून उठतं तेव्हा १०८ च्या गाडीतून गेलेला रुग्ण शहरातल्या टेबलावर असायला हवा. हेलिकॉप्टर संभाजीनगरातच ठेवलं तर? तरीही तीस किलोमीटरसाठी तयारीचा वेळ प्रवासापेक्षा जास्त होतो.

हे फक्त माझं अंदाजपंचे गणित नाही. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की दहा मैलांच्या, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरच्या आत रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्सच नेहमी लवकर पोहोचते. गाडी आणि हेलिकॉप्टर दोघांना एकाच क्षणी बोलावलं तर त्यापुढे हेलिकॉप्टर जिंकतं. पण हेलिकॉप्टरला नंतर बोलावलं, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसंच होतं, तर पंचेचाळीस मैलांपुढे, म्हणजे सत्तर-बहात्तर किलोमीटरपुढेच त्याचा फायदा सुरू होतो. तिथं हेलिकॉप्टर हाताशी असतं आणि रस्ते चांगले असतात हे लक्षात घेऊन आकडे वाचावेत. आपला रस्ता खराब, म्हणून मर्यादा थोडी इकडे सरकेल. आपलं हेलिकॉप्टर लांब, म्हणून ती पुन्हा तिकडे जाईल.

श्रावणी सोमवारचा किंवा महाशिवरात्रीचा दिवस मात्र वेगळा. घृष्णेश्वराला जाणाऱ्या गाड्या, लेणी पाहायला आलेल्या बसेस, दौलताबादचा जुना दरवाजा जिथून मोठी गाडी एका वेळी कशीबशी जाते, आणि घाट. त्या दिवशी तीस किलोमीटरला दोन तासही लागू शकतात. अशा दिवसांसाठी ठरलेली हेलिकॉप्टरची जागा खरोखर कामाची आहे. पण त्याहून आधी, त्या दिवशी सगळ्या सुविधांची अ‍ॅम्ब्युलन्स वेरूळमध्येच उभी ठेवणं आणि तिच्यासाठी एक लेन मोकळी ठेवणं हे जास्त स्वस्त आणि जास्त खात्रीचं आहे.

विमानाचा खरा उपयोग नंतर होतो. रुग्ण शहरात पोहोचला, रक्तस्राव थांबला, श्वासनलिकेत नळी पडली, स्थिर झाला आणि पुढच्या उपचारासाठी मुंबईला किंवा हैदराबादला हलवायचा आहे. तेव्हा चिकलठाण्याचा विमानतळ आहेच. रस्त्यावर, शेतात उतरायची गरज नाही.

हवेत शरीराचं काय होतं

हा भाग नातेवाईकांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबतो.

उंचीवर हवेचा दाब कमी होतो. साधारण अडीच हजार मीटर उंचीवर, बंद जागेत कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशानं फुगते. मोठ्या विमानात केबिनचा दाब वाढवून ठेवतात, तोसुद्धा जमिनीइतका नसतो. हेलिकॉप्टरमध्ये आणि अनेक लहान विमानांत ती सोय नसतेच. आता विचार करा : अपघातात बरगडी मोडून फुप्फुसाभोवती थोडी हवा साठली आहे. जमिनीवर ती फारशी त्रास देत नाही. उंचीवर तीच हवा फुगते, फुप्फुस दाबते, श्वास कोंडतो आणि हृदयाकडे रक्त परतेनासं होतं. म्हणून अशा रुग्णाच्या छातीत उडायच्या आधी नळी घालावी लागते. डोक्याच्या कवटीत हवा शिरली असेल, आतड्याला पीळ पडून पोट फुगलेलं असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तरी हाच धोका. रक्तातला ऑक्सिजनही उंचीवर कमी होतो. निरोगी माणसाला जाणवत नाही. न्यूमोनिया झालेल्या किंवा खूप रक्त गेलेल्या माणसाला तेवढा फरक पुरतो.

त्यात आवाज इतका की स्टेथोस्कोप निरुपयोगी. जागा इतकी कमी की छाती दाबून हृदय चालू करायची वेळ आली तर नीट गुडघेही टेकता येत नाहीत. म्हणून अपघाताच्या जागेवरून, काहीही उपचार न करता, जखमीला उचलून थेट विमानात घालणं ही सिनेमातली गोष्ट आहे. उडण्यापूर्वी जे करावं लागतं ते करायला मुळात डॉक्टर आणि साधनं त्या जागी हवीत. ती असतील तर निम्मी लढाई तिथंच जिंकलेली असते.

तुम्हाला कोणी एअर अ‍ॅम्ब्युलन्सचा सल्ला दिला तर खर्च विचारायच्या आधी एवढं विचारा : पेशंट आत्ता उडण्याइतका स्थिर आहे का? सोबत अतिदक्षता विभागात काम केलेला डॉक्टर आहे का? इथं जे होऊ शकत नाही असं नेमकं काय तिथं होणार आहे? तिथल्या रुग्णालयानं बेड पक्का केला आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर सही करायची घाई करू नका. बिल लाखांत असतं आणि शेत गहाण ठेवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

जिथं हे खरंच चालतं

ऑस्ट्रेलियात १९२८ पासून "फ्लाइंग डॉक्टर" सेवा चालू आहे. जॉन फ्लिन नावाच्या एका धर्मोपदेशकानं ती सुरू केली. तिथली विमानं शेतमालकांच्या खासगी पट्ट्यांवर उतरतात, आणि काही महामार्गांवर तर विमानासाठी राखलेले तुकडे पांढऱ्या खुणांनी आखलेले आहेत. पण तिथं सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय पाचशे किलोमीटरवर असू शकतं, आणि वाटेत ना गाव ना तारा. मला जास्त भावलेली गोष्ट वेगळीच आहे. पट्टीची जबाबदारी मालक घेतो. विमान यायच्या आधी तो स्वतः गाडी वेगात चालवून पाहतो. धक्के बसले तर पट्टी नापास. कांगारू आणि गुरं हाकलतो. रात्री दोन्ही कडांना दिवे मांडतो. तिथं अडचणीच्या वेळी डब्यात रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेले कागदाचे रोल पेटवूनसुद्धा धावपट्टी आखलेली आहे. विमान सरकारी किंवा देणगीचं असलं तरी ते उतरवून घ्यायचं काम जमिनीवरच्या माणसाचं. हे त्याला आधी शिकवलेलं असतं.

आपल्याकडे नेमका हाच भाग कोरा आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. वेरूळ-खुलताबाद परिसरात सरकारी किंवा गायरान जमिनीवर, तारांपासून दूर, वर्षभर वापरता येईल अशी एक जागा प्रशासनानं ठरवावी. तिचे नकाशावरचे अचूक आकडे १०८ च्या नियंत्रण कक्षात आणि पोलिसांकडे असावेत. पावसाळ्यात रुतणार नाही असा मुरूम टाकावा. कोणाची खासगी जमीन घ्यायची तर लेखी करार आणि ठरलेली भरपाई असावी. वर्षातून दोनदा तरी सराव व्हावा. त्या जागेवर एरवी पोरं क्रिकेट खेळली तरी हरकत नाही.

आणि विमान तुमच्याच शेतात आलं तर?

हे अशक्य नाही. राज्यात वैमानिक प्रशिक्षणाच्या अनेक संस्था आहेत आणि शिकाऊ विमानं शेतांवरूनच उडतात. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या संस्थेचं विमान जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी शिकाऊ मुलीपर्यंत सगळ्यात आधी पोहोचले ते तिथले आदिवासी बांधव. स्ट्रेचर नव्हतं. एका भिल्ल बाईनं आपलं लुगडं दिलं, त्याची लाकडाला झोळी बांधली आणि डोंगरवाटेनं मुलीला खाली आणलं. ती वाचली.

मणक्याला इजा असेल तर झोळी योग्य नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बरोबरच आहे. पण जिथं गाडी येऊ शकत नाही तिथं पडून राहणं त्याहून वाईट. त्या लोकांनी योग्य तेच केलं असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर धावत सुटू नका. आधी तारा तुटल्यात का बघा. तुटल्या असतील तर लांब थांबून महावितरणला १९१२ वर कळवा. विडी-सिगारेट, काडीपेटी लांब ठेवा. या विमानांतलं इंधन पेट्रोलसारखं भडकतं. पुढचा पंखा थांबलेला दिसला तरी त्याला हात लावू नका आणि त्याच्या समोरून जाऊ नका, तो अचानक फिरू शकतो. हेलिकॉप्टर असेल तर शेपटीकडे कधीच जायचं नाही. पुढून, वैमानिकानं खूण केल्यावरच. आग किंवा धूर नसेल आणि माणूस श्वास घेत असेल तर त्याला ओढून बाहेर काढायची घाई नको. डोकं आणि मान एका रेषेत धरून ठेवा, बोलत राहा. आग लागली तर मात्र हे सगळं विसरा आणि ओढून काढा.

रक्त चिळकांड्या मारत असेल तर ओढणी, गमछा, जे असेल ते थेट जखमेवर जोरात दाबून धरा. पाच मिनिटं झाली का म्हणून उचलून बघू नका. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रुंद पट्टी करकचून बांधा आणि किती वाजता बांधली ते त्याच्या कपाळावर पेनानं लिहा. दोरी किंवा वायर बांधू नका, ती कातडीत रुतते. मांडीची मोठी नस तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. त्या मिनिटांत तिथं असतो तो शेजारचा शेतकरी, धाबेवाला, ट्रकचा क्लीनर. वर लिहिलेलं प्रत्येक वाक्य महामार्गावरच्या अपघातालाही लागू आहे, आणि तिथं त्याची गरज रोज पडते.

पोलिसांच्या कटकटीला घाबरून मागे राहू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पैशाची भीतीही थोडी कमी झाली आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णालयात गेल्यावर तिची आठवण करून द्या, कधी कधी करून द्यावी लागते.

शेवटी फोनबद्दल. १०८ ला किंवा ११२ ला लावल्यावर "समृद्धीवर अपघात झालाय, लवकर या" एवढं सांगून बरेच जण फोन ठेवतात. बाजूचा किलोमीटरचा आकडा वाचा. गाडी नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला आहे की मुंबईकडे, ते सांगा. चुकीच्या बाजूनं आलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सला मधलं दुभाजक ओलांडता येत नाही, तिला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं. शेतात असाल तर गट नंबर सांगून उपयोग नाही. जवळचं मंदिर, शाळा, पाण्याची टाकी सांगा, मोबाइलवरून लोकेशन पाठवता येत असेल तर पाठवा, आणि एक पोरगा दुचाकीवर डांबरी रस्त्यापर्यंत पाठवून अ‍ॅम्ब्युलन्स आत आणायला उभा करा.